पतीचे मस्तकपण आणि अर्धवट वाचन

महोदय,

अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या मंडळींनी (चर्चनी) १९९८ मध्ये, पत्नीने पतीच्या सेवाभावी नेतृत्वाच्या अधीन राहावे, असे कलम आपल्या विश्वासपत्रकात, म्हणजे श्रद्धेच्या अधिकृत निवेदनात, घातले. त्याचा मुख्य आधार बायबलमधील इफिसकरांस पत्राचा, पतीला पत्नीचे मस्तक म्हणणारा, पाचवा अध्याय असला, तरी तिथेच २१व्या वचनात एकमेकांच्या अधीन होण्याची आज्ञा आहे, आणि पतीकडून तर ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला अर्पण केले तशा, म्हणजे कितीतरी अवघड, प्रीतीची अपेक्षा आहे. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९८८ मध्ये हे अधीनत्व परस्परांचे असल्याचे स्पष्ट केले. आपल्याकडील विवाहपूर्व वर्गांत ही सर्व वचने एकत्र शिकवावीत. मारहाण सोसणाऱ्या पत्नीला धर्माच्या नावाने सहनशीलतेचा उपदेश करणे तर पूर्णपणे थांबलेच पाहिजे.

– एक ख्रिस्ती वाचक, वसई