मिलिलिटर म्हणजे ग्रॅम नव्हे

मा. संपादक,

गेल्या रविवारच्या पुरवणीत चॉकलेट केकची कृती आली होती. मैदा 250 ग्रॅम, साखर 200, लोणी 200, कोको 50. खाली टीप होती, 'काटा नसल्यास 1 कप = 250 ग्रॅम धरावे.' ती टीप प्रमाण मानून नातीने केक केला. केक मधोमध खचला आणि तळाशी तूप सुटलं. आपलंच काहीतरी चुकलं म्हणून पोरगी हिरमुसली. तिचं काहीच चुकलेलं नव्हतं, म्हणून हे पत्र.

मी बावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. घनतेचा धडा दरवर्षी घेतला. 250 मिलिलिटरच्या कपात 250 ग्रॅम मावतं ते पाणी. दुधाचंही जवळपास तसंच. मैद्याच्या कणांमध्ये हवा असते, त्यामुळे तोच कप मैद्याने भरला तर साधारण 125 ग्रॅम भरतो, कोकोने जेमतेम 100, साखरेने 210 च्या आसपास आणि मधाने तब्बल 350. म्हणजे त्या टिपेने नातीच्या केकात मैदा निम्मा पडला, कोको निम्म्याहूनही कमी, साखर तीसेक ग्रॅम कमी, आणि लोणी मात्र जवळजवळ पूर्ण. एवढं लोणी धरून ठेवायला मैदाच नव्हता, मग केक उभा राहणार कशावर?

मैद्याचा तर आणखी एक त्रास. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघींनी काटा घेऊन एकच कप दोनदा भरला. मैदा चाळून चमच्याने अलगद घातला आणि सुरीने वरून सपाट केला तेव्हा 120 ग्रॅम. कप थेट डब्यात खुपसून भरला तेव्हा 150. दोन कपांना 60 ग्रॅमचा फरक पडतो, आणि तेवढ्याने मऊ केक कोरडा होतो. शिवाय कप कुठला? मेट्रिक कप 250 मिलिलिटरचा, अमेरिकी सुमारे 237 चा, जपानी 200 चा. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी 15 मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात 20 चा.

चमच्याला माझा विरोध नाही. बेकिंग पावडर, सोडा, मीठ यांना सपाट चमचाच बरा. घरच्या काट्यावर चार ग्रॅम मोजताना एका ग्रॅमची चूक सहज होते, आणि तिथे एक ग्रॅम म्हणजे चौथा हिस्सा.

माझी विनंती एवढीच, की कृतीत ग्रॅम आधी द्या. कपाचं माप द्यायचं तर प्रत्येक जिनसाचं वेगळं द्या, कप किती मिलिलिटरचा ते लिहा आणि मैदा कसा भरायचा तेही लिहा. त्या केकची दुरुस्ती येत्या अंकात जरूर छापा. 250 मिलिलिटरच्या कपाने मैदा अलगद भरलेले 2 सपाट कप, कोको अर्धा कप, साखर आणि लोणी प्रत्येकी कपाला थोडं कमी. या मापाने आम्ही काल पुन्हा केला. छान फुगला.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका