जुनी नाव घेताना

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार.

सरदार सरोवराच्या फुगवट्यामुळे धडगाव व अक्कलकुवा तालुक्यांतील नर्मदाकाठच्या अनेक पाड्यांना बाजार, दवाखाना यांसाठी नावेवाचून गत्यंतर उरलेले नाही. उकाईच्या जलाशयावर मासेमारी करणाऱ्या नवापूरच्या कुटुंबांचेही तेच. नवी नाव परवडत नसल्याने पुष्कळजण जुनी घेऊन दुरुस्त करतात आणि माझ्या मते ते योग्यही आहे, मात्र सांगाडा शाबूत असेल तरच.

एखाददुसरी फळी बदलता येते, फटींत कापूस व राळ भरता येते; परंतु आतल्या फासळ्या कुजल्या असतील, तर दुरुस्तीचा खर्च नव्या नावेच्या किमतीजवळ जातो. म्हणून ताज्या रंगावर न भुलता, पाणी जिथे सतत चढते-उतरते त्या पट्ट्यात आणि खिळ्यांभोवती काळवंडलेल्या लाकडात टोच्या खुपसून पाहावा. तो सहज आत गेला, तर सौदा सोडावा. उन्हात वाळलेली नाव प्रथम पाणी घेते, कारण फळ्या आकसलेल्या असतात. त्या फुगल्यावरही गळती थांबली नाही, तर दोष खोल आहे. इंजिन वेगळे तपासावे.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 नुसार यांत्रिक नावेला तपासणी व नोंदणी आवश्यक आहे. त्यासाठी प्रशासनाने पावसाळ्यापूर्वी नदीकाठीच शिबिरे घ्यावीत आणि नाव दुरुस्तीसाठी, जीवरक्षक जाकिटांसह, अनुदान द्यावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, शहादा