ब्रह्मगिरी ज्वालामुखी नव्हे, आणि बोअरची भुकटी वाया घालवू नये

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत ग्रहांवरील ज्वालामुखींविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला, घरात मोठ्याने वाचूनही दाखवला. मराठी दैनिकात असा विषय पानभर आला याचा फार आनंद झाला. त्यातल्या एका विधानाबद्दल मात्र लिहिलेच पाहिजे. लेखात इतर ग्रहांवरच्या ज्वालामुखींशी तुलना करताना त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीला थंड झालेला ज्वालामुखी म्हटले आहे. अंजनेरीला किंवा हरिहरला जाणारी मुलेही तसेच सांगतात. डोंगराचा आकार पाहून तसे वाटणे साहजिक आहे, पण ते खरे नाही.

मी २६ वर्षे बोअर मारण्याच्या धंद्यात आहे. नाशिक, दिंडोरी, सिन्नर, इगतपुरी या पट्ट्यात आमची गाडी फिरते. वरचा मुरूम संपला की काळा कातळ लागतो आणि रॉडमागून रॉड राखाडी भुकटी उडत राहते. मग एका क्षणी भुकटी विटकरी होते. फूट-दोन फूट, कधी त्याहून जास्त, लाल थर जातो. त्याच्या खाली पुन्हा दगडच, पण आता मांजऱ्या, भोकाभोकांचा, भोकांत पांढऱ्या गारगोट्या भरलेला. आणखी खाली गेले की परत घट्ट कातळ. पाणी बहुधा या सांध्यातच लागते, म्हणून रंग बदलला की आमचे सगळे लक्ष तिकडे असते.

प्रत्येक सांधा म्हणजे एका लाव्हाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात. लाव्हा थिजताना वायू वर चढतो, त्याचे बुडबुडे माथ्याला अडकतात, तो झाला मांजऱ्या. मग मध्ये बराच काळ शांततेत जातो. हवा-पावसाने माथा कुजून माती होते, काही ठिकाणी तिच्यात राखही असते, आणि पुढचा लोट येऊन ती भाजून काढतो. विटांच्या भट्टीत होते तेच. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हे लोट जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आले आणि पातळ असल्यामुळे दूरवर पसरले. आजही हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर पसरलेला आहे. त्यालाच डेक्कन ट्रॅप म्हणतात. यातला ट्रॅप हा शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला. कसाऱ्याचा घाट चढताना समोरच्या कड्यांकडे पाहिले तर त्या पायऱ्या दिसतात.

ज्वालामुखीचा डोंगर असता तर थर मुखापासून चारी बाजूंना उतरते दिसले असते. आपले थर एकावर एक रचलेल्या भाकरींसारखे जवळजवळ आडवे आहेत. सगळा मुलूख एके काळी सलग उंच होता, मधला भाग पावसाने आणि नद्यांनी वाहून नेला आणि जे उरले त्यालाच आपण ब्रह्मगिरी, अंजनेरी, साल्हेर म्हणतो. १६४६ मीटरचे कळसूबाईही तसेच उरलेले आहे. जगभरचे भूशास्त्रज्ञ या थरांची नावे आपल्याच गावांवरून घेतात: तळाशी जव्हार, त्यावर इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, आणि या पाचांच्या गटाचे नाव कळसूबाई. इगतपुरीच्या किती मुलांना हे ठाऊक असेल?

लेखातल्या तुलनेचा खरा धागा इथेच सापडतो. बहुतेक भूशास्त्रज्ञांच्या मते ज्या उष्ण स्रोतातून आपला काळा दगड आला तो आजही धगधगतो आहे, पण आपल्यापासून साडेचार हजार किलोमीटरहून दूर, हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटाखाली. भारताचा भूपट्ट, म्हणजे ज्यावर आपण आहोत तो कवचाचा सरकता तुकडा, त्या काळी वर्षाला साधारण १५ सेंटिमीटर वेगाने उत्तरेला सरकत होता. चुलीवरून तवा ओढत न्यावा तसे आपण पुढे निघून आलो आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस अशी समुद्रातली रांग उमटत गेली. मंगळावर असे सरकणारे भूपट्ट नाहीत. तिथे तवा जागचा हलला नाही. लाव्हा एकाच ठिकाणी साचत राहिला आणि सुमारे २२ किलोमीटर उंच, ६०० किलोमीटर रुंद ऑलिम्पस मॉन्स उभा राहिला. गोदावरीसारखी नदी नसल्याने तो फारसा झिजलाही नाही. आपण सरकलो आणि झिजलो, म्हणून आपल्याकडे तसा डोंगर नाही.

बुधाची गोष्ट आणखी वेगळी. आतून थंड होत तो आक्रसला, त्याची त्रिज्या सुमारे ७ किलोमीटरपर्यंत कमी झाली आणि सुकलेल्या बोरासारखे त्याचे कवच दुमडून शेकडो किलोमीटर लांबीचे कडे उठले. शुक्रावर तर आजही आग आहे असे दिसते. मॅगेलन यानाने १९९१ मध्ये घेतलेल्या रडार चित्रांत माट मॉन्स या ज्वालामुखीजवळचे एक मुख आठ महिन्यांत पसरलेले आढळले. ही चित्रे तीस वर्षे पडून होती, २०२३ मध्ये ते कुणाच्या तरी लक्षात आले. नोंद जपून ठेवली होती म्हणूनच.

आता ज्यासाठी हे पत्र लिहितो आहे ते सांगतो. मंगळावर २०१८ मध्ये उतरलेल्या इनसाइट यानाबरोबर जमिनीत ५ मीटर शिरायचे एक उपकरण होते. २०१९ च्या मार्चमध्ये ते अडकल्याची बातमी वाचली तेव्हा मी कामावर होतो. मातीने पकड दिली नाही, घर्षणाविना ते जागच्या जागी उसळत राहिले. हे दुखणे आमच्या धंद्यात कुणालाही कळेल. जवळपास दोन वर्षे खटपट करूनही ते स्वतःच्या लांबीइतके, जेमतेम ४० सेंटिमीटर खाली गेले. (त्याच यानाच्या भूकंपमापकाने मात्र १३०० हून अधिक हादरे नोंदवले, मंगळ अजून पुरता थिजलेला नाही हे त्यातूनच कळले.) चंद्रावर माणसे जाऊनही भोक गेले ते तीनेक मीटर.

त्या दिवशी आम्ही सिन्नरजवळ ३०० फूट उतरलो होतो. तीन लाल थर लागले होते, आणि भुकटी शेतमालकाने बांधावर लोटून दिली. दुसऱ्या ग्रहावर हातभर खडकासाठी शास्त्रज्ञ वर्षे घालवतात आणि इथे लाव्हाच्या थरांची अख्खी उतरंड रोज मातीत जाते, याचे मला त्या दिवशी खूप वाईट वाटले. तेव्हापासून मी वही ठेवतो. गाव, किती फुटांवर कोणता दगड, लाल थर कुठे, गारगोटी कुठे, पाणी कुठे. आमचा रॉड २० फुटांचा असतो, त्यामुळे खोली मोजणे अवघड नाही. दर रॉडला मूठभर भुकटी पिशवीत भरून आकडा टाकायला एक मिनिटही लागत नाही.

माझी विनंती अशी की प्रत्येक बोअरची ही नोंद घ्यायची सवय आमच्या धंद्यात लागावी, आणि भूजल सर्वेक्षण यंत्रणेने व भूगोल-भूशास्त्र शिकवणाऱ्या महाविद्यालयांनी ती मागून घ्यावी. शेजारशेजारच्या दहा गावांच्या नोंदी जुळवल्या तर एकच लाल थर कुठून कुठे गेला ते मुलांना स्वतः काढता येईल. पाणी शोधायलाही त्याचा उपयोग आहे. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा, आणि ब्रह्मगिरीबद्दलची दुरुस्ती पुढच्या पुरवणीत छापावी.

माझ्याकडे चार वह्या भरल्या आहेत. पाचवी सुरू आहे. कुणा शिक्षकाला हव्या असतील तर आपल्या कार्यालयात आणून देईन.

आपला,
एक बोअरवेल व्यावसायिक,
पाथर्डी फाटा, नाशिक