बोटाच्या पेराएवढ्या कार्ट्रिजसाठी मंत्रिमहोदयांना खुले पत्र

मा. मंत्री, अन्न व औषध प्रशासन,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,

सादर नमस्कार. मी औषध विश्लेषक आहे. गेली १९ वर्षं एचपीएलसी या, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रासमोर बसून गोळ्या, सिरप, मलमं तपासते आहे. माझी विनंती एवढीच आहे, की औषध प्रयोगशाळांच्या खरेदीत, या यंत्राच्या नळीला घाणीपासून वाचवणाऱ्या गार्ड कार्ट्रिजला स्वतंत्र आणि कायमची जागा द्यावी.

औषध निरीक्षकांनी दुकानातून उचललेल्या नमुन्यात लेबलवर लिहिलंय तेवढं औषध आहे का, हे बहुतेक वेळा एचपीएलसीवर ठरतं. या यंत्राचा जीव असतो कॉलममध्ये. जेमतेम वीतभर, २५० मिलिमीटर लांबीची पोलादी नळी, आतून ४.६ मिलिमीटर रुंद, ५ मायक्रॉनच्या सिलिकाकणांनी ठासून भरलेली. किंमत चाळीस-पन्नास हजारांच्या घरात. औषधासोबत सिरपमधला रंग, गोळीतलं बाइंडर, क्रीममधला स्निग्ध भाग असं बरंच काही तिच्या तोंडाशी जाऊन बसतं. ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून द्रावण गाळलं, तरी जे विरघळलेलं आहे ते पुढे जातंच. म्हणून कॉलमच्या आधी, बोटाच्या पेराएवढं गार्ड कार्ट्रिज बसवतात. त्यात कॉलमच्याच जातीचं पॅकिंग असतं. घाण ते स्वतःवर घेतं. खराब झालं की काढायचं, नवं टाकायचं. दोन-चार हजारांचा खर्च.

एका प्रयोगशाळेत असताना लहान मुलांच्या सिरपचे नमुने लागोपाठ आले आणि नेमकी कार्ट्रिजं संपली. इंडेंट (मागणीपत्र) दोनदा पाठवला, दोनदा परत आला. शेरा होता : ‘यंत्रासोबत हे साहित्य मिळालेले असताना पुन्हा मागणी का?’ काम थांबवणं शक्य नव्हतं, कार्ट्रिजशिवाय तशीच नमुन्यांची द्रावणं यंत्रात सोडली. तिसऱ्या आठवड्यात प्रेशर १४० बारवरून २६० वर गेलं. आलेखात औषधाचं सुईसारखं सरळ येणारं शिखर, म्हणजे पीक, आधी पसरलं, मग शेपूट लांबली, आणि एका सकाळी त्याला दोन शिंगं फुटली. कॉलम उलटा जोडून रात्रभर धुतला, काही उपयोग झाला नाही. शेवटी तोंडाचं फिटिंग उघडलं, तर करड्या फ्रिटवर, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या बारीक गाळणीवर, नारिंगी चकती उमटलेली. हुबेहूब त्या सिरपचा रंग.

नवा कॉलम यायला अडीच महिने लागले. नमुना मिळाल्यापासून ६० दिवसांत अहवाल द्यावा, असं नियम सांगतो. आमचा अहवाल गेला तोवर त्या बॅचच्या बाटल्या दुकानांतून विकून संपल्या होत्या, आणि त्यातल्या एका नमुन्यात औषध कमी भरलं होतं. ते सिरप कुणाच्या मुलांनी घेतलं असेल, हा विचार अजून मनातून जात नाही.

१९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात विषारी ग्लिसरीनने १४ रुग्ण दगावले. त्या भेसळीची चाचणी वेगळी, तिला हा कॉलम लागत नाही. पण तपासणीची साखळी कुठे ढिली पडली तर काय होतं, हे आपल्या खात्याला नव्याने सांगायला नको.

खरेदी होते तिथेही एक अडचण आहे. सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते आणि हाती येतं ते कार्ट्रिज आमच्या होल्डरमध्ये नीट बसत नाही. बसवलंच, तर आत रिकामी जागा राहते आणि चांगल्या कॉलमवरचं पीकही पसरतं. सी-१८ (पॅकिंगची एक जात) कॉलमपुढे सी-१८ चंच कार्ट्रिज हवं, होल्डरही त्याच मापाचा हवा. हे विश्लेषकाने लिहून दिलं, तर ‘विशिष्ट कंपनीला झुकतं माप’ असा आक्षेप येतो. तेव्हा कॉलमच्या मागणीपत्रातच होल्डर आणि वर्षभराची कार्ट्रिजं एकत्र घालण्याची मुभा द्या. एकदा दरकरार करा. आणि एवढ्याशा खरेदीसाठी फाइल वर न पाठवता प्रयोगशाळा प्रमुखाला स्वतःच्या सहीने ती करता यावी. हे तिसरं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण आमचे दिवस पैशांपेक्षा सह्यांपायी जास्त गेले आहेत.

ती नारिंगी डागाची फ्रिट मी जपून ठेवली आहे. दहा मिनिटं वेळ दिलात तर नव्या कार्ट्रिजसोबत ती घेऊन मंत्रालयात येईन.

आपली नम्र,
एक औषध विश्लेषक