ह्यूम घराण्याची गोष्ट नगरपाशी संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत नगरच्या मिशन कंपाऊंडमधल्या जुन्या बंगल्यांवर लेख आला होता. लेख मनापासून लिहिलेला आहे, फोटोही छान आहेत. पण रेव्ह. रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचा बंगला, त्यांचे दुष्काळातले काम आणि त्यांना मिळालेले कैसर-ए-हिंद पदक एवढ्यावर लेख थांबला. बंगल्यात राहणारी माणसे कुठून आली, त्यांची मुले कुठे गेली, याचा त्यात शब्द नाही. मी नर्सिंगमध्ये आयुष्य घालवले, सिस्टर-ट्यूटर, म्हणजे नर्सना शिकवणारी, म्हणून निवृत्त झाले. या घराण्याशी माझे नातेही आहे. रक्ताचे नव्हे, अन्नाचे. म्हणून हे पत्र.

माझी आजी छप्पनच्या (संवत 1956, म्हणजे 1899-1900 च्या) दुष्काळातली पोर. आईबाप गेले तेव्हा तिला नीट बोलताही येत नव्हते. कुणीतरी तिला नगरला मिशनच्या अनाथ मुलांत आणून सोडले. ती तिथे जगली, लिहायला-वाचायला शिकली, पुढे तिने बाप्तिस्मा घेतला. आमच्यासारख्यांना ‘पोटासाठी बाटलेले’ म्हणणारे आजही भेटतात. ह्यूमसाहेब सुवार्ता सांगायलाच आले होते, हे मी कधी लपवले नाही आणि त्यांनीही लपवले नव्हते. पण एवढ्याशा पोरीच्या तोंडात ज्याने पहिला घास घातला त्याचे नाव तिने जन्मभर प्रार्थनेत घेतले, यात मला कमीपणा वाटत नाही. तिच्या त्या प्रार्थनेत ‘साहेब’ असत आणि ‘मडमसाहेब’ही असत. आजचे लेख मडमसाहेबांना विसरतात.

या घराण्याची सुरुवात 1839 साली झाली. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि त्यांची पत्नी हॅना अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती धर्मप्रचारक संस्थेसाठी मुंबईत आले. पंधरा वर्षांत साहेबांची प्रकृती इतकी ढासळली की सगळे कुटुंब मायदेशी निघाले. 1854 साली वाटेतच, जहाजावर, ते वारले. हॅनाबाई लहान मुले घेऊन एकट्या अमेरिकेत उतरल्या. ज्या देशाने नवरा नेला त्या देशाचे नाव त्या बाईने घरात काढू दिले नसते, तरी कुणी तिला दोष दिला नसता. पण तिची दोन मुले, रॉबर्ट ॲलन आणि एडवर्ड सॅकेट, येल विद्यापीठात शिकली आणि 1874-75 च्या सुमारास एकामागोमाग एक परत मराठी मुलखात आली. दोघांचा जन्म मुंबईचा, तेव्हा खरे तर ती घरी आली. एकाने नगर धरले, दुसऱ्याने भायखळ्याची शाळा सांभाळली. रेव्ह. नारायण वामन टिळक नगरला ज्या ईश्वरविज्ञान शाळेत शिकवत, ती याच रॉबर्ट ॲलन यांनी 1878 साली काढलेली. त्यांची पहिली पत्नी ॲबी ऐन तारुण्यात वारली. त्यांची लेक रूथ मात्र डॉक्टर होऊन नगरला परतली. डॉ. ज्युलिया बिसेल यांनी बायकांसाठी जे इस्पितळ उभे केले, त्यात ती काम करू लागली. परक्या पुरुषाने नाडी धरण्यापेक्षा बाळंतिणीने मरण पत्करावे, असे मानणारी घरे तेव्हा गावोगाव होती. तिथे डॉक्टरीणच लागे. तेच इस्पितळ पुढे साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवाभावी संस्थेकडे गेले. आज सगळे नगर त्याला बूथ हॉस्पिटल म्हणते. 2020 च्या करोनाच्या साथीत त्या दारातून किती माणसे बरी होऊन घरी गेली, ते आपल्याच दैनिकाने छापले आहे.

आता ज्याच्यासाठी पत्र लिहायला बसले त्याच्याकडे येते. एडवर्ड हिक्स ह्यूम, भायखळ्याच्या ह्यूमसाहेबांचा, म्हणजे एडवर्ड सॅकेट यांचा मुलगा, जन्म 1876, गाव अहमदनगर. येलमधून पदवी, 1901 मध्ये जॉन्स हॉपकिन्सची डॉक्टरी. शिक्षण संपवून हा मुलगाही मुंबईला परतला. मुंबईत तेव्हा प्लेगने थैमान मांडले होते. अमेरिकेच्या आरोग्य खात्यासाठी त्याने इथे प्लेगवर काम केले. मग येलच्या लोकांनी त्याला चीनच्या हूनान प्रांतात बोलावले. 1905 साली पत्नी लोट्टा आणि लहानगा टेड यांना घेऊन तो निघाला. चांगशा शहर परक्यांना खुले होऊन जेमतेम वर्ष झाले होते. परकीयांचा सर्वांत जास्त तिटकारा ज्या प्रांताला, तो हा प्रांत. तिथली भाषा दोघांना पहिल्या अक्षरापासून शिकायची होती, आणि अशा गावात लोट्टाबाईंना संसार थाटायचा होता. 1906 च्या नोव्हेंबरात एक जुनी धर्मशाळावजा खानावळ विकत घेऊन डॉक्टरने तिथे दवाखाना उघडला.

सुरुवातीच्या दिवसांतली एक हकीकत मला फार महत्त्वाची वाटते. एक बडा अंमलदार तपासून घ्यायला आला. डॉक्टरने त्याची एका मनगटाची नाडी पाहिली आणि हात सोडला. अंमलदार संतापून निघून गेला. चिनी वैद्य दोन्ही मनगटांच्या नाड्या बराच वेळ, वेगवेगळ्या दाबाने पाहतात. एकच हात पाहणारा माणूस वैद्य कसला? मी वर्षानुवर्षे मुलींना टीपीआर, म्हणजे ताप, नाडी आणि श्वास मोजणे, शिकवले. घड्याळ समोर धरा, तीन बोटे ठेवा, आकडा लिहा. आपले वैद्यही पुरुषाचा उजवा आणि बाईचा डावा हात बघतात, हे आमच्या पुस्तकात कुठे नव्हते. खेड्यातली म्हातारी मुद्दाम दुसरा हात पुढे करायची, तेव्हा आमच्या मुली हसायच्या. मी त्यांना रागवत असे. आकडा एका हातात मिळतो, पण म्हातारीचा भरवसा बसायला कधी कधी दुसरा हातही धरावा लागतो. ह्यूम डॉक्टर तिथल्या वैद्यांना हसले नाहीत. त्यांच्याजवळ बसून त्यांची विद्या समजून घेऊ लागले, आणि पुढे त्या विद्येवर आदराने लिहिले. लहानपणी आपल्या मुलखात हकीम-वैद्यांमध्ये वावरलेल्या मुलाला ते अंगवळणी पडले असावे, असे मला वाटते.

त्या काळी परक्याच्या दवाखान्यात रोगी दगावला तर सगळ्या गावाचा राग उसळू शकत होता. दवाखान्यात घेतलेला प्रत्येक गंभीर रोगी म्हणजे आपल्या बायकापोरांचा जीव टांगणीला, हे डॉक्टर जाणून होते. आम्ही नाईट ड्युटीवर रोगी जाताना पाहिले आणि नातेवाइकांचे हातही अंगावर येताना पाहिले. पण आमची मुले त्या आवारात झोपलेली नव्हती. 1910 साली चांगशात तांदळाच्या भावावरून दंगल झाली, परकीयांच्या इमारती जाळल्या गेल्या. 1911 मध्ये राज्यक्रांती झाली. या सगळ्यात त्या कुटुंबाने गाव सोडले तरी पुन्हा तिथेच आले. चांगशाच्या त्या दवाखान्यात नर्सिंगचे वर्ग निना गेज बाईंनी सुरू केले. मुली घराबाहेर पडत नसताना त्यांनी मुलींना आणि मुलांनाही परिचर्या शिकवली. पुढे त्या आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेच्या अध्यक्ष झाल्या. आमच्या अभ्यासक्रमात फ्लॉरेन्स नाइटिंगेल पाठ करून घेतात, निना गेज कुणालाच माहीत नाहीत.

1910 साली डॉ. येन फूचिंग चांगशाला आले. येलची वैद्यकीय पदवी मिळवणारे ते पहिले चिनी. 1914 मध्ये हूनानचे प्रतिष्ठित लोक आणि येलची मंडळी यांनी करार करून वैद्यकीय महाविद्यालय काढले, तेव्हा प्राचार्य झाले ते येन. मला ही गोष्ट इमारतींपेक्षा मोठी वाटते. ज्याने दवाखान्याचा पहिला दरवाजा उघडला, तो माणूस खुर्ची स्थानिकांना देऊन स्वतः बाजूला उभा राहिला. पुढे येलच्या चांगशातल्या संपूर्ण संस्थेचे अध्यक्ष असतानाही ह्यूम डॉक्टरांचा कारभार चिनी हाती जावा, असाच आग्रह होता. त्यावरून अमेरिकेतल्या विश्वस्तांशी त्यांचे पटेना. 1926-27 च्या धामधुमीत त्यांनी ते पद सोडले. मिशनच्या अनेक संस्थांत साहेब गेला आणि मग आपल्याच लोकांची खुर्चीसाठी भांडणे झाली, कज्जे झाले, इस्पितळे बंद पडत गेली. हे मी आमच्याच ख्रिस्ती मंडळीतल्या लोकांना उद्देशून लिहिते आहे. वेळेवर सोडून द्यायला शिकवणारा माणूस नगरचा होता आणि आम्ही त्याच्याकडून शिकलो नाही.

ह्यूम डॉक्टरांच्या त्या दवाखान्यातून वाढलेले चांगशाचे शियांग्या इस्पितळ आजही उभे आहे, चीनच्या मोठ्या इस्पितळांत ते गणले जाते.

आणि टेड, मुंबईहून आईबापांबरोबर निघालेला तो लहानगा. तो मोठा होऊन पाळक झाला. दुसऱ्या महायुद्धात चर्चच्या जागतिक कामासाठी ब्रिटनहून स्वीडनला जात असताना, ऑक्टोबर 1943 मध्ये, त्याचे प्रवासी विमान पाडले गेले. पणजोबा समुद्रावर गेले, पणतू असा गेला. अशा घरातल्या बाईने काय सोसले असेल, हे कुठल्या पदकावर कोरलेले नसते. म्हणून बंगल्याचा फोटो छापताना हॅना, ॲबी, रूथ आणि लोट्टा ही नावेही छापावीत, एवढे माझे मागणे आहे. याच घराण्यातल्या रॉबर्ट अर्नेस्ट ह्यूम यांनी तेरा प्रमुख उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर केले, ते 1921 साली ऑक्सफर्डने छापले. तेही पुरवणीतल्या लेखात यायला हरकत नव्हती.

आणखी एक सुचवते. नगरच्या जुन्या ख्रिस्ती मंडळ्यांकडे बाप्तिस्मा आणि दफनाच्या वह्या आहेत. कागद पिवळे पडून तुटायला आले आहेत, काहींना वाळवी लागली आहे. माझ्या आजीसारख्या शेकडो पोरांचे नाव-गाव फक्त त्या वह्यांत आहे. बहुतेकांच्या जन्माची दुसरी नोंदच नाही. डॉ. हिवाळे यांनी 1947 साली स्थापन केलेल्या अहमदनगर कॉलेजच्या इतिहास विभागाने मनावर घेतले तर विद्यार्थ्यांकरवी या वह्यांची छायाचित्रे निघू शकतील. मोडीतल्या आणि जुन्या वळणाच्या नोंदी वाचणारे दोघे-तिघे वृद्ध अजून हयात आहेत. त्यांना घरून आणण्या-पोचवण्याची व्यवस्था मी आणि माझ्या दोन विद्यार्थिनी करू. मंडळ्यांचा कारभार पाहणाऱ्या पंचकमिट्यांनी परवानगी द्यावी, म्हणून हे पत्र आपण जरूर छापावे.

आपली,
एक निवृत्त सिस्टर-ट्यूटर,
नगर