लॉगिनच्या नोंदी बरोबर, डॅशबोर्डचे आकडे चुकीचे

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : 'वापर' डॅशबोर्डवरील चुकीची आकडेवारी

महोदय,

राजेंद्र नगर, इंदूर येथील आमच्या चोवीस तास चालणाऱ्या अभ्यासिकेला आपण पुरवलेल्या प्रणालीतला 'वापर' डॅशबोर्ड (किती सदस्य कधी आले हे आलेखांत दाखवणारे पान) भरवशाचा नाही. मूळ लॉगिन-नोंदी मात्र ठीक आहेत. आपल्याकडूनच सीएसव्ही (नोंदींची साधी तक्तारूप फाइल) मागवून ती ओळ न् ओळ तपासली आहे, तेव्हा "डेटाच तसा आला असेल" हे सपोर्टचे उत्तर आम्हाला मान्य नाही.

सर्वांत मोठी चूक तारखेची. नोंदी यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवता, ते योग्यच. पण दिवसवार गट पाडताना त्याच वेळेवरून तारीख काढली आहे. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असल्याने रात्री १२ ते पहाटे ५:३० मधले प्रत्येक लॉगिन आदल्या दिवसात जमा होते. दहा ते सहाच्या कचेरीला हे कधी कळणारही नाही. इथे पीएससीची मुले रात्री दीड-दोनला येऊन बसतात. संध्याकाळी साडेसातची गर्दीही आलेखात दुपारी दोनला दिसते. त्यावरून पाळ्या लावल्या असत्या तर फजितीच होती.

यावर आपण केलेल्या दुरुस्तीने सगळ्या तारखाच गेल्या आणि आलेखात एकच बिननावाचा खांब उरला. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये टाइमझोनचे तक्ते भरलेले नसतील तर वेळ बदलणाऱ्या 'कन्व्हर्ट टीझेड' फंक्शनला 'एशिया/कोलकाता' हे नाव दिल्यावर उत्तर नल (रिकामे) येते, आणि सगळे नल एकाच गटात पडतात. तक्ते भरा, नाहीतर नावाऐवजी '+०५:३०' द्या. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळ पुढे करण्याची भानगड नाही, त्यामुळे तेवढ्याने भागते. तारखेचा फिल्टर लावताना मात्र वेळेच्या कॉलमला फंक्शनमध्ये गुंडाळू नका, नाहीतर साधा इंडेक्स (नोंद चटकन शोधून देणारी सूची) वापरला जात नाही आणि सगळ्या ओळी चाळाव्या लागतात. १० तारीख हवी असेल तर यूटीसीत ९ तारखेच्या १८:३० पासून १० तारखेच्या १८:३० च्या आधीपर्यंत अशी हद्द द्या. महिन्याचा अहवाल उघडताना पान अडकते ते बहुधा याचमुळे.

दुसरे, माणसे मोजायची तिथे ओळी मोजल्या आहेत. एका सदस्याची एक रात्र पाहा : २१:०२ ला पासवर्ड चुकला, त्याच मिनिटाला पुन्हा चुकला, २१:०३ ला लॉगिन झाले, २२:०३ आणि २३:०३ ला टोकनचे (लॉगिन चालू ठेवणाऱ्या परवान्याचे) आपोआप नूतनीकरण. माणूस एक, डॅशबोर्डवर वापरकर्ते पाच! नोंदीचा प्रकार पाहून फक्त यशस्वी लॉगिन घ्या आणि सदस्य-क्रमांकावर 'काउंट डिस्टिंक्ट' लावा, म्हणजे एक सदस्य एकदाच मोजला जाईल. चुकलेले प्रयत्न फेकू नका, वेगळ्या तक्त्यात दाखवा. आठवड्याचा आकडाही सात दिवसांची बेरीज करून काढला आहे, म्हणजे रोज येणारा मुलगा सातदा मोजला गेला. वेगळे सदस्य बेरजेने मिळत नाहीत. वेगासाठी रोजचा गोषवारा साठवायचा असेल तर नुसती संख्या ठेवू नका. दर दिवशी दर सदस्याची एक ओळ ठेवा, म्हणजे त्यातून आठवडा-महिना नीट निघेल.

'सरासरी बैठक' (सदस्य एका वेळी सरासरी किती वेळ बसतो) हा डॅशबोर्डवरचा चौकोन सरळ काढून टाका. टॅब बंद करून निघून जाणाऱ्याची लॉगआउट-नोंद पडतच नाही, आणि आपली प्रणाली त्याचे लॉगिन चार दिवसांनंतरच्या लॉगआउटशी जुळवते.

रंगपंचमीला अभ्यासिका बंद होती, तरी त्या दिवशी शून्याऐवजी आदल्या आणि नंतरच्या दिवसाला जोडणारी रेघ आहे. ज्या दिवसाची नोंदच नाही तो दिवस गटात येत नाही; तारखांचा स्वतंत्र तक्ता घेऊन त्याला नोंदी लेफ्ट जॉइनने (नोंद नसली तरी तारीख राहील अशा रीतीने) जोडाव्या लागतात. उलट सदस्यांच्या तक्त्याशी इनर जॉइन (दोन्हीकडे असलेल्याच ओळी ठेवणारी जोडणी) आहे, म्हणून सोडून गेलेल्याचे खाते काढले की मागच्या महिन्यांचे आकडेही घटतात.

वरील दुरुस्त्या १५ दिवसांत करून मूळ नोंदी शिल्लक असलेल्या मागील सर्व महिन्यांचे आकडे त्यांवरून पुन्हा काढून द्यावेत. तोवर वार्षिक देखभालीचे बिल थांबवले आहे. एक काम मात्र आजच करा : सेटिंगमध्ये ९० दिवसांपेक्षा जुन्या नोंदी दर रात्री आपोआप पुसल्या जातात, ते बंद करा. आमच्याकडची सीएसव्ही एकाच महिन्याची आहे. बाकीचे दिवस रोज एकेक करून हातचे जात आहेत.

कळावे,
व्यवस्थापन समिती, अभ्यासिका
राजेंद्र नगर, इंदूर