मीटरवरचे तास आणि इंजिनाचे वय

मा. संपादक,
स. न.

बोटींच्या डिझेल इंजिनांवरचा कालच्या अंकातला लेख वाचला. या विषयाला जागा दिलीत, आभारी आहे. पण त्यातल्या चौकटीत ‘इंजिन कमी चालवा, हळू चालवा, जास्त टिकेल’ असे ठळक अक्षरांत छापले आहे, ते वाचून राहवेना. याच समजुतीपायी माझे इंजिन गेले.

मी जुनी बोट घेतली तेव्हा ती नऊ वर्षांची होती आणि मीटरवर जेमतेम 700 तास होते. नीट सांभाळले तर असे इंजिन 5000 तास तरी जाते, पुष्कळदा त्याहून बरेच जास्त. म्हणजे हे अजून कोरेच, असा मी हिशेब केला. आधीचे मालकही अभिमानाने म्हणाले होते, “कधी जोरात पळवली नाही हो.” तिसऱ्या महिन्यात एका सकाळी स्टार्टर मारला तर नुसता ‘टक’ आवाज. मिस्त्रीने हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवले. मागच्या दोन सिलिंडरांत खारे पाणी, पिस्टनभोवतीच्या रिंगा गंजून पिस्टनला धरलेल्या. एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धूर बाहेर नेणारी वाकडी नळी, बाहेरून नुकताच रंगवलेला आणि आतून पार पोखरलेला. इंजिन थंड करून आलेले समुद्राचे पाणी इथेच धुरात सोडतात. उष्णता, मीठ आणि धुरातले आम्ल मिळून तो आतून खातात. आतली भिंत गेली की इंजिन बंद असताना पाणी उलटे झिरपते आणि उघड्या राहिलेल्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये उतरते. बोट धक्क्याला उभी असताना हे सगळे घडते. मीटर तेव्हा बंद असतो.

बाकीच्या सिलिंडरांचे बोअर, म्हणजे आतल्या भिंती, काचेसारखे गुळगुळीत झाले होते. ही हळू चालवल्याची खूण. इंजिनावर भार नसला की सिलिंडर पुरेसा तापत नाही, रिंगा भिंतीला घट्ट बसत नाहीत, अर्धवट जळालेले डिझेल बोअरवर लाखेसारखे चढते आणि इंजिन ऑइल खाऊ लागते. बॅटरी चार्ज करायला म्हणून तासन्‌तास न्यूट्रलमध्ये ठेवलेल्या इंजिनांचे हेच होते. अति भारही वाईटच. बोट ढकलणारा पाण्यातला पंखा मापापेक्षा मोठा असला तर इंजिन पूर्ण फेऱ्यांवर पोचत नाही आणि काळा धूर ओकते. पण म्हणून वाचकांना रांगत चालायला सांगायचे?

ऑइल 250 तासांनी बदलावे, असेही लेखात आहे. ‘किंवा वर्षातून एकदा, जे आधी येईल ते’ हे शब्द कुठे गेले? वर्षाला 70-80 तास चालणाऱ्या बोटीत तेच ऑइल तीन वर्षे राहील आणि त्यात साठलेले पाणी व आम्ल बेअरिंगांना खात राहील. बोट बंद ठेवायची असेल तर ऑइल ठेवण्याआधी बदलायचे असते, बोट पुन्हा सुरू करताना नव्हे.

आणखी एक. मोठ्या जहाजाचे इंजिन 25 वर्षे चालते, मग बोटीचे का नाही, असा लेखकाचा प्रश्न आहे. जहाजाचे ते इंजिन मिनिटाला साधारण 100 फेरे घेते, त्याचे लायनर (सिलिंडरचे आतले अस्तर) आणि रिंगा ठरावीक तासांनी बदलतात, जहाजावर त्याच कामासाठी नेमलेले इंजिनिअर असतात. छोट्या बोटीचे इंजिन 2000-3000 फेऱ्यांवर फिरते आणि त्याच्याकडे बघायला एकटा मालक, तोही सुट्टीच्या दिवशी. ही तुलना छापण्याआधी एखाद्या मिस्त्रीला दाखवायला हवी होती.

चौकट कापून ठेवणारे वाचक असतात, मीही ठेवतो. म्हणून विनंती, पुढच्या अंकात त्याच जागी, तितक्याच ठळक अक्षरांत छापा : इंजिन नियमित चालवा, पूर्ण तापू द्या, मधूनमधून भार द्या, आणि जुनी बोट घेताना मीटर पाहण्याआधी एल्बो खोलून पाहा.

आपला,
एक बोटमालक वाचक